माझं ठेवा

घर बदलायचं पक्कं झालं तेव्हा आजीनं एकच प्रश्न विचारला, "आणि पाटी?"

मुलगा खोक्याला चिकटपट्टी लावत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाटीचं तुझ्या सुनेला विचार. मी त्यात पडत नाही."

पाटी म्हणजे साधी शाळेतली दगडी पाटी. लाकडी चौकट, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. आजीचं लग्न झालं त्या पहिल्याच महिन्यात ती दाराशेजारच्या खिळ्यावर चढली. आजी तेव्हा इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, पाळी पहाटेची. नवरा छापखान्यात, पाळी रात्रीची. एक यायचा तेव्हा दुसरी निघालेली असायची. दोघांची धड गाठ पडायची ती रविवारी. बाकीचे सहा दिवस संसार पाटीवर चालायचा. 'दूध नासलंय, पिऊ नकोस.' 'तुझ्या भावाचं पत्र उशीखाली आहे.' एकदा नवऱ्यानं लिहिलं होतं, 'काल चिडलो ते चुकलं.' आजीनं खाली लिहिलं, 'कळलं ना? मग झालं.' इतर जोडपी तोंडानं भांडायची, हे दोघं खडूनं. खडूनं भांडायला हात दुखतो, म्हणून यांची भांडणं लवकर मिटायची.

पुढे मुलगा झाला, घर भरलं आणि पाटीला नियम आला. बाहेर पडणाऱ्यानं कुठे चाललो आणि कधी येणार ते लिहायचं. परत आलं की चपला काढायच्या आधी आपली ओळ आपण पुसायची. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही. दारातून आत येणाऱ्याला पाटीकडे पाहिलं की कळायचं कोण बाहेर आहे. कोरी पाटी म्हणजे सगळे घरात. कोरी पाटी पाहिल्याशिवाय आजी अंथरुणाला पाठ टेकत नसे.

आता तीन वर्षं पाटी कोरी झाली नव्हती.

मधोमध थोरल्या नातीची ओळ होती. 'पोहायला. साडेसहाला येते. माझं ठेवा!' आणि 'माझं' या शब्दाखाली दोन रेघा, कारण धाकटी बहीण पातेलं चाटूनपुसून रिकामं करते ही तिची रोजची कागाळी. वय सतरा. पोहण्याच्या तलावावरून सायकलनं परत येताना बाजाराच्या वळणावर तिला मालमोटारीनं उडवलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ सव्वासहाला बंद पडलं होतं. म्हणजे ती वेळेवरच येत होती. सून त्यानंतर कितीतरी दिवस ज्याला त्याला हेच सांगायची, "वेळेवर येत होती हो. जराही उशीर केला नव्हता तिनं."

ती ओळ कुणी पुसली नाही. पुसणार कोण? जिची ओळ ती यायची होती. आणि ओळीत 'माझं ठेवा' म्हटलेलं, म्हणून सून रोज संध्याकाळी पानं वाढायच्या आधी एक वाटी काढून झाकून ठेवायची. सकाळी ती वाटी मुलगा कामावर जाताना गुपचूप मागच्या अंगणात पाखरांसाठी उलटी करायचा. या वाटीबद्दल घरात कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

उपनगरातलं ते जुनं घर वाईट नव्हतं. तीन खोल्या, मागे हातभर अंगण, समोर बसथांबा. पण त्या घरातून कुठेही सरळ जायचं म्हणजे बाजाराचं वळण ओलांडायचं. सून ते टाळायला दोन बसगाड्या बदलून चष्म्याच्या दुकानात कामाला जायची; पुढे पुढे जायचीच बंद झाली. धाकटी बहिणीच्याच शाळेत. दर नव्या वर्षी नव्या बाई हजेरी घेताना थांबायच्या, "अगं, तू तिची बहीण ना?" पोर मान खाली घालून 'हो' म्हणायची. अखेर मुलानं दूरच्या एका लहानशा गावात नोकरी धरली.

मुलगा लिफ्टचा मिस्तरी. आणि गाव असं, की तिथली सगळ्यात उंच इमारत दुमजली, त्यातही वरच्या मजल्यावर कबुतरं. नोकरी होती पाणीपुरवठ्याच्या पंपांवर. "इतकी वर्षं माणसं वर चढवली," तो म्हणाला, "आता पाणी चढवायचं. पाणी निदान आत अडकलं म्हणून बोंब तरी मारत नाही." यावर कुणीच हसलं नाही, तेव्हा आजी हसली. घरात एखाद्यानं विनोद केला तर कुणीतरी हसायला हवं.

सुनेची अट एकच होती. "पाटी आहे तशी येणार असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही जा."

"अगं, पण खडू आहे तो," मुलगा म्हणाला. "फुंकर मारली तरी जाईल."

"म्हणून तर ट्रकमध्ये टाकायची नाही."

सामान ट्रकमधून पुढे गेलं आणि माणसं बसनं निघाली. सून खिडकीशी बसली, पाटी मांडीवर उताणी, वर कागद नाही की कापड नाही. कापड घासलं गेलं असतं. सहा तास. दोन्ही हातांनी चौकट धरलेली, जणू काठोकाठ भरलेलं ताट. पाणी प्यायली नाही, मध्ये बस थांबली तेव्हा उतरली नाही. समोरची एक बाई वाकून वाचायला लागली. "पोहायला... साडेसहाला... कुणाचं हो हे?"

"मुलीचं," सून म्हणाली.

"हुशार दिसते. अक्षर छान आहे."

"हो," सून म्हणाली. "छान आहे."

आजी मागच्या बाकावर होती. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि डोळ्यात धूळ गेल्याचं सोंग केलं.

ओळीतला एक काना तेवढा पुसट झाला. बाकी अक्षर न् अक्षर शाबूत पोचलं.

गाव मुठीएवढं. एक लांब रस्ता, त्यावर बियाण्यांचं दुकान, पोस्ट, दवाखाना, सायकल दुरुस्तीवाला, आणि भर रस्त्यात अंग टाकून पडलेली कुत्री, जी गाडीनं कितीही भोंगा वाजवला तरी आपल्या सवडीनं उठत. इकडे शिंकलं की पलीकडच्या गल्लीतून 'सर्दी झाली का' असं विचारणारी माणसं. पण कुणाला काही ठाऊक नव्हतं, आणि हेच हवं होतं. बसथांब्यावर सुनेला पाहून हलक्या आवाजात बोलणारं कुणी नव्हतं. महिन्याभरात तिला दवाखान्यात रोग्यांची नावं लिहून घ्यायचं काम मिळालं, सकाळी आठ ते दुपारी एक. ती चालत जायची, चालत यायची. वाटेत वळण नव्हतंच; रस्ता एकच आणि सरळ.

पाटी नव्या दाराशेजारी नव्या खिळ्यावर गेली. पण तिच्यावर लिहीत कुणी नव्हतं. हात घासेल, बाही लागेल, ही भीती. ज्या घरात कोपऱ्यावर जाणारा माणूसही लिहून जायचा, त्या घरातले लोक आता न सांगता जात आणि न सांगता येत. आजीला हे सोसत नसे, पण बोलायची सोय नव्हती.

एके दिवशी धाकटी शाळेतून आली नाही.

पाच वाजले, साडेपाच झाले. सून आणि मुलगा बँकेच्या कामाला तालुक्याला गेलेले, सातशिवाय यायचे नाहीत. आजी चपला न घालताच रस्त्यावर आली. समोरच्या शिंप्यानं यंत्र थांबवून विचारलं, "काय हो आजी?"

"पोरगी आली नाही अजून."

"तुमची धाकटी ना? शाळा सुटल्यावर कालव्याकडे जाताना दिसली. चौघी होत्या."

कालवा म्हटल्यावर आजी तशीच अनवाणी तिकडे निघाली. शिंप्यानं तिला अडवून आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः सायकल काढली. पण त्याला टांग टाकायचीही गरज पडली नाही. रस्त्याच्या टोकाकडून धाकटी येत होती, दप्तर पाठीला, वेणी ओली, टोकातून पाणी ठिबकतंय.

घरात नेऊन आजीनं दार लावलं. रागानं तिचा आवाज चिरका झाला. "न सांगता जायचं? कुठे गेली होतीस?"

"पोहायला."

"पोहायला!"

"कमरेएवढंच पाणी आहे, आजी. शाळेतल्या बाई असतात काठावर. महिना झाला शिकतेय. रोज वेळेत निघून वेणी वाळवून येते, आज उशीर झाला."

"महिना? आणि घरात सांगायला जीभ झडली होती का? लिहून जायचं होतंस!"

धाकटी बारा वर्षांची होती. ती बहिणीसारखी तोंडाळ नव्हती, सगळं गिळून बसणारी. त्या दिवशी मात्र तिनं पाटीकडे बोट केलं. "कुठे लिहू? जागा आहे? आणि लिहू काय? 'पोहायला'? तिच्या ओळीखाली? आई वाचेल ते?"

आजी टॉवेल घ्यायला वळली.

"तुम्ही सगळे तिची वाट बघता," धाकटी हळू म्हणाली. "मी आले की नाही, ते कुणी बघतच नाही."

आजीनं टॉवेल आणून तिचे केस पुसले. खसाखसा पुसले. आईवडील यायच्या आत वेणी कोरडी झाली आणि ती गोष्ट दोघींतच राहिली.

पण आजीच्या डोक्यातून ती जाईना. तिला आपलंच जुनं आठवत होतं. नवरा वारला तेव्हा पाटीवर त्याची ओळ होती, 'इस्पितळात तपासायला. उद्या येतो.' पंधरा दिवस ती तशीच होती. मग एका सकाळी नऊ वर्षांचा मुलगा खडू हातात घेऊन पाटीसमोर उभा दिसला, शाळेला उशीर होत असताना. कुठे लिहावं ते त्याला कळत नव्हतं. आजीनं फडकं घेतलं, ओळ पुसली आणि म्हणाली, "लिही." तो लिहून गेला. ती धुलाईघरात गेली आणि शंभर चादरींत तोंड लपवून रडली. पण घर चालू झालं.

तसंच करायचं, तिनं ठरवलं. कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा. सून कधीच पुसणार नाही. आपलं वय झालं, शिव्याशाप खाऊन पचवायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर तिनं फडकं ओलं केलं. तीन वर्षांचा खडू दगडात भिनला होता. एका हातात निघाला नाही. दुसरा हात फिरवावा लागला. 'साडेसहाला' गेलं, 'पोहायला' गेलं, सगळ्यात शेवटी 'माझं'खालच्या दोन रेघा गेल्या. मग पाटी नुसती काळी, ओली, चकचकीत. मन थाऱ्यावर नसलं की ती जे करायची तेच तिनं केलं, कामाला लागली. एकतीस वर्षं धुलाईघरात काढलेली बाई. मळलेलं कापड तिच्यानं तसंच टाकवत नसे. फडक्याला साबण लावला, चोळलं, तीन पाण्यांतून काढलं, पिळलं, झटकलं आणि मागच्या दोरीवर कडा जुळवून वाळत घातलं. डाग ताजा असतानाच काढावा, शिळा झाला की बसतो, असं ती नव्या बायकांना शिकवायची.

सुनेला काय सांगायचं ते तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. एकला ती येईल, तिला दारातच गाठायचं, पाटीकडे बघू द्यायचं नाही, आधी खुर्चीवर बसवायचं, हात हातात घ्यायचा. मग धाकटीचं सांगायचं. मग हे.

पण दवाखान्यात गर्दी नव्हती. सून साडेबारालाच आली. आजी मागे कपडे घड्या करत होती. पुढचं दार वाजलेलं तिला ऐकू आलं, आणि मग आवाज आला.

"आलीस का गं?"

तीन वर्षांत हा आवाज आजीनं ऐकला नव्हता. जुना, खणखणीत, थोडा दटावणीचा. कामावरून आल्याआल्या दारातूनच घर दणाणून सोडणारा. "आलीस का गं? कुठे आहेस?" आणि पावलं. चपला न काढताच. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत, मोरीचं दार उघडल्याचा आवाज, पलंगावरची चादर ओढल्याचा आवाज. मग सून मागच्या दारात आली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आजीला पाहवेना. असा चेहरा तिनं इस्पितळात पाहिला होता, मूल सुखरूप आहे म्हणून सांगितल्यावर आयांचा व्हायचा तसा.

"आई, कुठंय ती?"

आजीच्या हातात अर्धी घडी घातलेला सदरा होता. जुळवलेलं सगळं विसरलं.

"मी पुसली," ती म्हणाली.

सून उभीच राहिली. चेहरा लगेच गेला नाही. पाणी ओसरतं तसा हळूहळू गेला. मग ती उंबऱ्यावर बसली.

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच असणार. मला काय माहीत नाही का? मीच तिला घातलेत शेवटचे कपडे. मला सगळं माहीत आहे." तिनं पायातल्या चपलांकडे पाहिलं. "पण पाटी कोरी होती हो, आई."

आजी तिच्याशेजारी खाली बसली. धाकटीचं सांगितलं, कालव्याचं सांगितलं, पोर काय म्हणाली तेही. सुनेनं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. चिडली असती, ताडताड बोलली असती, तर आजीला बरं वाटलं असतं.

"बरोबर आहे तुमचं," सून शेवटी म्हणाली. "पुसायला हवीच होती. पण मला सांगायचं ना. मी पुसली असती. आज नाही, उद्या नाही; पण कधीतरी मीच पुसली असती."

तेव्हा कुठे आजीला आपली चूक कळली. नवऱ्याची ओळ तिनं स्वतः पुसली होती. तिच्या हातातून फडकं कुणी काढून घेतलं नव्हतं.

"फडकं कुठंय?" सुनेनं विचारलं.

आजीला आधी समजलं नाही.

"कशानं पुसलीत? ते फडकं द्या मला. त्याला खडू असेल ना."

आजीनं दोरीकडे पाहिलं. सुनेनंही पाहिलं. दुपारच्या उन्हात फडकं पांढरंशुभ्र हलत होतं.

"धुतलंत?"

"अगं... हात थांबले नाहीत."

सुनेच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला. "तुम्ही धुणारच," ती म्हणाली, आणि मग गुडघ्यात डोकं घालून रडली, मोठमोठ्यानं, समोरच्या शिंप्यानं यंत्र थांबवावं इतक्या मोठ्यानं. अपघातानंतर ती अशी रडली नव्हती. आजी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली, पण तो हात ठेवायचा आपल्याला अधिकार आहे की नाही हे तिला समजत नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आला. दारात थबकला, पाटीकडे पाहत राहिला, मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ हात धूत उभा राहिला. धाकटी आली, तिनं पाटी पाहिली आणि रडवेली झाली. "माझ्यामुळे?"

"नाही गं," आजी म्हणाली. "माझ्यामुळे."

जेवायच्या वेळी सुनेनं सवयीनं वाटी खाली काढली. क्षणभर हातात धरली आणि परत फळीवर ठेवली. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात तेवढाच भात उरला, वाटीभर. तिनं तो धाकटीच्या ताटात घातला. पातेलं चाटूनपुसून रिकामं करते म्हणून जिच्या नावानं रोज बोंब व्हायची, ती पोर नुसती शितं चिवडत बसली. पण ती जेवली. एक शीत मागे ठेवलं नाही. मान वर करून कुणी पाहिलं नाही.

सकाळी धाकटी खडू घेऊन पाटीसमोर उभी राहिली. सगळी पाटी मोकळी होती, तरी तिनं अगदी खाली टवका उडालेल्या कोपऱ्याशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'शाळा, मग पोहायला. सहाला येते.' सून स्वयंपाकघरातून आली, तिनं वाचलं.

"खोल पाण्यात जायचं नाही," सून म्हणाली. बस, एवढंच.

त्या दिवशी पावणेसहापासून ती फाटकाशी उभी होती. धाकटी सहाला पाच कमी असताना आली, चपला काढायच्या आधी आपला कोपरा तळहातानं पुसला. पुढे मुलगाही लिहायला लागला, वरच्या कडेला, 'पंप नं. २'. मधली जागा कुणी वापरत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

सुनेनं आजीला टाकून बोललेलं कधी कुणी ऐकलं नाही. पूर्वीसारखी ती तिच्या औषधांची वेळ सांभाळायची, गरम पाणी काढून द्यायची, 'आई' म्हणायची. फक्त दारातून हाक मारत नसे. कामावरून आली की चुपचाप चपला काढायची आणि आत यायची.

काही दिवसांनी आजी कपाटात धुतलेले कपडे लावत होती. थोरलीच्या कपड्यांचा खण ती एरवी उघडत नसे. त्या दिवशी चुकून उघडला गेला. पोहण्याचा पोशाख, शाळेचा सदरा, आणि सगळ्यांच्या वर ते फडकं. चौपदरी घडी, कडेला कड. सुनेनं ते दोरीवरून काढून जपून ठेवलं होतं. आजीनं नाकाशी नेलं, उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, मग होतं तसंच ठेवलं आणि खण लावला. त्यात काही नव्हतं. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनंच ते तीन पाण्यांतून काढलं होतं.